पांढऱ्या पेशी 13,900: हर्नियाच्या ऑपरेशनआधीचे पाच महिने

जून महिन्यात रात्री दोन वाजता मी मोबाइलवर ‘पांढऱ्या पेशी वाढल्या’ असं टाकून शोधत होतो आणि समोर फक्त ब्लड कॅन्सर येत होता. आपल्यासारख्याच एखाद्या माणसाने ‘मला असं झालं, मग हे केलं, इतके दिवस लागले’ असं मराठीत लिहिलेलं काही सापडलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, यातून धड बाहेर पडलो तर आपण लिहायचं.

मी ठाण्यात कोलबाडला राहतो, नोकरी महाप्याच्या एमआयडीसीत. वय 44. डाव्या जांघेत वर्षभरापासून एक गाठ होती. झोपलो की आत जायची, खोकलो की टणकन बाहेर यायची. खोकला तर मला बारमाही, त्यामुळे खोकताना हात कायम तिथे. 3 जून 2025 ला शेवटी नौपाड्यातल्या एका सर्जनना दाखवलं. हर्निया आहे, जाळी बसवावी लागेल, 12 तारखेला करून टाकू, असं ठरलं.

त्या दिवशी केसपेपरबरोबर एक छापील फॉर्म भरायला दिला होता. जुने आजार, चालू औषधं, ॲलर्जी आणि शेवटी ‘धूम्रपान / तंबाखू / मद्य’. बायको शेजारी बसली होती. मी धूम्रपानापुढे लिहिलं, ‘अधूनमधून’. खरं म्हणजे मी 21 वर्षं रोज 14 सिगारेटी ओढत होतो. बायकोला वाटायचं चार-पाच. घरात मी कधीच ओढत नसे, त्यामुळे तिला मोजायला काही साधनच नव्हतं. तो एक शब्द मी लिहिला नसता तर पुढचे सहा आठवडे वेगळे गेले असते.

5 जूनला उपाशीपोटी रक्त दिलं. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांचं पॅकेज 3,200 रुपये: सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), साखर, लिव्हर, किडनी, एचआयव्ही, कावीळ, ईसीजी, छातीचा एक्सरे. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. बाकी सगळं ठीक, पण सीबीसीत टोटल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, ठळक अक्षरांत: 13,900. लॅबची मर्यादा 4,000 ते 11,000. त्यात न्यूट्रोफिल (जंतूंवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) 74 टक्के. हिमोग्लोबिनही 17.1, म्हणजे वरच्या काठावर.

मामांना फोन केला. ते म्हणाले, “अरे, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक. जास्त आहेत तर चांगलंच की! तुझी प्रतिकारशक्ती दणकट आहे.” आपणही शाळेत ‘पांढऱ्या पेशींना सैनिकी पेशी म्हणतात’ असंच घोकलेलं, त्यामुळे मला ते पटलं. हिमोग्लोबिन 17 बघून तर बरंच वाटलं होतं. दोन दिवस मी खरंच खुशीत होतो.

7 जूनला भूलतज्ज्ञांकडे फिटनेससाठी गेलो. त्यांनी रिपोर्ट बघून प्रश्न सुरू केले. ताप आला होता का, दाढ दुखते का, लघवीला जळजळ, अंगावर कुठे गळू, स्टिरॉइडच्या गोळ्या? सगळ्याला नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शरीरात कुठे जंतुसंसर्ग लपलेला असेल आणि आपण आत जाळी बसवली, तर जाळीलाच संसर्ग होऊ शकतो, मग ती काढण्याचं ऑपरेशन मूळ ऑपरेशनपेक्षा मोठं. दोन आठवडे थांबा, परत तपासा. म्हणजे 12 तारीख गेली. मी रजा टाकलेली, कॅशलेसचा प्रीऑथही (विम्याच्या आगाऊ मंजुरीचा अर्ज) हॉस्पिटलने पाठवून झालेला. तो रद्द करायला दोन दिवस आणि चार फोन लागले. फिटनेसचा कागद हातात पडल्याशिवाय प्रीऑथ पाठवू देऊ नका.

20 जूनला पुन्हा सीबीसी, सोबत सीआरपी, ईएसआर (दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या) आणि लघवी. 1,150 रुपये. काउंट 14,300. सीआरपी किंचित वर, लघवी स्वच्छ. एमडी डॉक्टरांकडे पाठवलं (फी 700). त्यांनी रक्ताचा स्मिअर करायला सांगितला, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर घेऊन पॅथॉलॉजिस्ट डोळ्यांनी पेशी बघतात. 350 रुपये. त्यात न्यूट्रोफिल वाढलेत, काही कोवळे आहेत, ब्लास्ट (ब्लड कॅन्सरमध्ये दिसणाऱ्या अगदी अपक्व पेशी) नाहीत असं लिहिलं होतं आणि खाली एक ओळ होती की वाढ कायम राहिल्यास रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

रात्री दोनची ती शोधाशोध त्या ओळीमुळे सुरू झाली.

डॉक्टरांनी सिगारेटचं विचारलं होतं. फॉर्मवर नजर टाकून स्वतःच म्हणाले, “अधूनमधून ना? मग त्याने एवढा वाढणार नाही.” मी तेव्हाही गप्प बसलो. बायको सोबत होती हे कारण मी स्वतःला दिलं. पण खरं सांगायचं तर मला तो आकडा मोठ्याने उच्चारायचाच नव्हता.

त्यांच्या हातात जी माहिती होती तिच्यावरून त्यांनी योग्यच केलं. 27 जूनला पोटाची सोनोग्राफी झाली, पाणथरी (स्प्लीन) वाढली आहे का बघायला. 1,600 रुपये, पाणथरी नॉर्मल. 1 जुलैला बीसीआर-एबीएल नावाची तपासणी. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात आणि एक नवंच जनुक तयार होतं, ते रक्तात आहे का हे यात शोधतात. 6,200 रुपये. रिपोर्टला सात कामाचे दिवस.

ते दिवस मी कसे काढले ते नीट आठवतही नाही. मधे 6 जुलैला आषाढी एकादशी आली. बायकोने निर्जळी उपास धरला, एरवी ती फराळ करते. मी दिवसभर काही बोललो नाही आणि संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायला जातो सांगून चार सिगारेटी ओढल्या. त्या दहा दिवसांत माझं प्रमाण 14 वरून 20 च्या घरात गेलं होतं. भीती ज्या गोष्टीमुळे होती तीच मी भीती घालवायला वापरत होतो, आणि मला ते माहीत नव्हतं.

10 जुलै, गुरुपौर्णिमा. रिपोर्ट आला: आढळलं नाही.

14 जुलैला वाशीला रक्तविकारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. फी 1,500, वेळ घेऊनही दीड तास थांबावं लागलं. त्यांनी सगळे कागद तारखेप्रमाणे लावले आणि विचारलं, “सिगारेट?”

“अधूनमधून.”

“काल किती?”

या प्रश्नाला अधूनमधून असं उत्तर देता येत नाही. मी म्हटलं, “काल सतरा. एरवी चौदा.” बायको माझ्याकडे बघत होती, मी टेबलाकडे.

मॅडमनी कागदावर हिशेब केला. वीस सिगारेटींचं एक पाकीट धरून 0.7 पाकीट गुणिले 21 वर्षं, म्हणजे जवळपास 15 पॅक-इयर. मग म्हणाल्या, “जुने रिपोर्ट आहेत?” कंपनीत दर काही वर्षांनी तपासणी होते, ते पीडीएफ मेलमध्ये पडून होते. तिथेच बसून शोधले. 2019 ला 12,100. 2022 ला 12,800. दोन्हींच्या पुढे बारीकसा ‘एच’, म्हणजे ‘हाय’, छापलेला. मी एकदाही बघितला नव्हता. मॅडमच्या दृष्टीने हे दोन आकडे सगळ्यात मोलाचे निघाले, कारण सहा वर्षं काउंट थोडासाच वर आहे आणि एकदम उसळलेला नाही. जुन्या सीबीसी कधीही फेकू नका.

पुढची वीस मिनिटं त्या जे बोलल्या ते मला जमेल तसं लिहितो, कारण हे मला चाळीशीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

सिगारेट ओढणाऱ्यांचा पांढऱ्या पेशींचा काउंट न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी 20 ते 30 टक्के जास्त असतो. काउंट थोडासाच पण वर्षानुवर्षं वाढलेला राहण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे. धूर रोज फुप्फुसात जातो, तिथल्या अस्तराला रोज इजा होते. फुप्फुस रक्तातून रासायनिक निरोप धाडतं की इथे आग लागली आहे, माणसं पाठवा. हाडांच्या आतली मज्जा तो निरोप ऐकून न्यूट्रोफिल बनवते आणि घाईने, थोडे कोवळे असतानाच बाहेर सोडते. माझ्या स्मिअरमधले कोवळे ते हेच. शिवाय निकोटिनमुळे ॲड्रिनलिन वाढतं, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीला टेकून बसलेल्या पेशीही प्रवाहात येतात आणि मोजणीत सापडतात.

मी मामांचं वाक्य सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “जंतूच नाही आणि सैन्य मात्र रोज रस्त्यावर, तर ते काय करेल? आपलंच घर फोडेल.” न्यूट्रोफिलकडे जंतू मारायला तीव्र विकरं (एन्झाइम) असतात. त्यातलं इलॅस्टेज फुप्फुसाच्या हवेच्या पिशव्यांची लवचीक जाळी खाऊन टाकतं. त्याला आवर घालणारं एक प्रथिन शरीरात असतं, पण सिगारेटच्या धुराने नेमकं तेच निकामी होतं. दम लागायला लावणारा एम्फिसीमा असा होतो.

आणि जिथे ताकद हवी तिथे ती कमी पडते. हवेच्या पिशव्यांत जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी असतात, मॅक्रोफेज. ओढणाऱ्यांत त्यांची संख्या वाढते, पण काजळी गिळून त्या तपकिरी झालेल्या असतात आणि जंतू गिळायला मंदावतात. श्वासनलिकेतले केसासारखे तंतू कफ वर ढकलतात, ते धुराने सुस्त होतात. व्हायरस लागलेल्या आणि कॅन्सरच्या पेशी टिपणाऱ्या नॅचरल किलर पेशींचं काम घटतं. रक्तातली बरीचशी प्रतिपिंडं कमी असतात, फक्त ॲलर्जीशी जोडलेलं आयजीई जास्त. माझा खोकला दर पावसाळ्यात तीन-तीन आठवडे का बळावतो, हे पहिल्यांदा कळलं.

हिमोग्लोबिनचं कारणही तेच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग शरीराला वाटतं ऑक्सिजन कमी पडतोय, आणि ते आणखी लाल पेशी बनवतं.

मी विचारलं, “जूनमध्येच खरं सांगितलं असतं तर?” त्या म्हणाल्या, तपासण्या लागल्याच नसत्या असं नाही, पण क्रम बदलला असता. आधी सिगारेट बंद, दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, आणि तरीही काउंट उतरला नाही तर पुढचं. त्यांनी आणखी एक बजावलं ते इथे लिहितोच. कोणाचा काउंट वाढला असेल तर ‘सिगारेटमुळेच असेल’ असं स्वतःच ठरवून घरी बसू नये. वजन उतरणं, रात्रीचा घाम, ताप, वाढलेली पाणथरी, चढत जाणारा आकडा यातलं काही असेल तर तपासणी टाळायची नाही.

परतीच्या लोकलमध्ये ऐरोली येईपर्यंत बायको काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, पैसे गेले त्याचं काही नाही. दहा दिवस मी देवापुढे बसून होते, निदान त्याआधी तरी सांगायचं.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जुना म्हणून मॅडमनी टीबीसाठी थुंकी तपासायला सांगितली होती. सिगारेट ओढणाऱ्यांना टीबीचा धोका सुमारे दुप्पट असतो. 16 जुलैला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेलो. आधारची झेरॉक्स आणि फोन नंबर घेतला, निक्षयवर (टीबीच्या सरकारी पोर्टलवर) नोंद केली, दोन डब्या दिल्या: एक तिथेच, दुसरी उद्या सकाळी उठल्याबरोबर. पैसे काहीही नाहीत. तिसऱ्या दिवशी ‘टीबी नाही’ असा रिपोर्ट. तिथल्या ताईंनी फार आपुलकीने समजावलं. नुसती लाळ थुंकू नका, खोलवर श्वास घेऊन आतून बेडका काढा, नाहीतर पुन्हा यावं लागेल.

सोडायची तारीख ठरवली 21 जुलै, सोमवार. ऑफिसमधले म्हणत होते, गुरुवारी अमावस्या आहे, गटारी होऊ दे, श्रावणापासून सोड. ते मी ऐकलं नाही याचा आनंद आहे. तशी तारीख पुढे ढकलत मी 21 वर्षं काढली होती.

पाकिटावर छापलेल्या 1800-112-356 या क्विटलाइनवर (तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन) फोन केला. फुकट आहे आणि मराठीत बोलता आलं. समुपदेशकांनी दिवसातल्या 14 सिगारेटींची वेळ आणि जागा लिहून काढायला लावली. ती यादी हाताने लिहिताना कळलं की त्यातल्या नऊ चहाला चिकटलेल्या होत्या. म्हणून चहाची जागा बदलली. घणसोली स्टेशनबाहेरची टपरी टाळायला शेअर रिक्षा दुसऱ्या बाजूने पकडायची, ऑफिसात चहा जागेवरच.

निकोटिनची गम 2 मिलिग्रॅमची घेतली. ही साध्या च्युइंगमसारखी चघळत राहायची नसते. तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायची, चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायची. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. मी पहिले दोन दिवस सपासप चघळली आणि उचक्या, मळमळ यांनी हैराण झालो. पहिल्या महिन्यात गमला 2,600 रुपये गेले. सिगारेटला साडेसात हजार जात होते.

तिसरा-चौथा दिवस वाईट. डोकं जड, कोणी काही विचारलं की अंगावर जावंसं वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात तोंड आलं आणि खोकला उलट वाढला. मी घाबरून फोन केला तर कळलं, दोन्ही होतं. सुस्तावलेले तंतू कामाला लागून साचलेला कफ वर ढकलत असतात. बद्धकोष्ठही होतं, आणि हर्निया असताना कुंथणं चांगलं नाही, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सर्जननी रोज रात्री इसबगोल आणि खोकताना गाठीवर हात धरायला सांगितलं. हर्निया असताना सिगारेट सोडणार असाल तर इसबगोल पहिल्याच दिवशी आणून ठेवा.

18 ऑगस्ट, अठ्ठावीस दिवस पूर्ण. सीबीसी: 11,800.

लॅबच्या जिन्यावर उभा राहून तो आकडा मी तीनदा वाचला. चार आठवड्यांत अडीच हजार खाली. बायकोला फोटो पाठवला, तिने फक्त “दिसलं” असं लिहिलं, आणि संध्याकाळी उकडीचे मोदक केले, गणपतीला नऊ दिवस असताना.

28 ऑगस्टला, दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून आल्यावर गच्चीत चुलतभावांबरोबर बसलो होतो. एकाने पाकीट पुढे केलं आणि मी एक ओढली. पूर्ण. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी बायकोला स्वतःहून सांगितलं, मग क्विटलाइनला. समुपदेशकांनी विचारलं, “दुसरी ओढलीत?” नाही. “मग मोजणी 21 जुलैपासूनच धरा. फक्त गच्चीचं काय करायचं ते ठरवा.” त्यानंतर आजपर्यंत नाही.

याच काळात मला पाश्चर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांचा 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास वाचायला मिळाला. 1,000 निरोगी लोकांचं रक्त घेऊन रोगप्रतिकारशक्ती कशी प्रतिसाद देते ते त्यांनी तपासलं. सिगारेट सोडली की जन्मजात प्रतिकारशक्तीवरचा, म्हणजे पटकन होणाऱ्या दाहावरचा परिणाम लवकर ओसरतो. पण टी आणि बी पेशींची जी शिकलेली, लक्षात ठेवणारी प्रतिकारशक्ती असते, तिच्यातले बदल सोडल्यानंतरही बरीच वर्षं टिकतात, कारण डीएनएवरच्या रासायनिक खुणाच बदललेल्या असतात. वाचून दोन दिवस खिन्न होतो. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “म्हणजे आणखी उशीर करायचा नाही, एवढाच अर्थ.”

13 ऑक्टोबर, बारा आठवडे. काउंट 9,400, हिमोग्लोबिन 15.9. भूलतज्ज्ञांनी फिटनेस दिला. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे सिगारेट बंद असेल तर जखमेच्या आणि छातीच्या तक्रारी कमी होतात, त्यामुळे हर्नियाला घाई नसताना थांबलो ते वाया गेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. दिवाळी झाल्यावर 6 नोव्हेंबरची तारीख मिळाली.

भरतीच्या वेळी तोच छापील फॉर्म. धूम्रपानापुढे मी लिहिलं: 2004 पासून, रोज 14, 21 जुलै 2025 पासून बंद, 28 ऑगस्टला एक. जागा पुरली नाही म्हणून समासात लिहिलं. त्यावरून टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) प्रश्न काढला: कधीपासून ओढता, श्वसनाचा जुना आजार आहे का, पहिल्या सल्ल्याचा कागद पाठवा. सर्जननी पत्र दिलं, पाच तासांत मंजुरी आली. माझी कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे. स्वतःची पॉलिसी असेल तर प्रस्तावाच्या अर्जात सिगारेटबद्दल काय लिहिलंय ते आधी काढून बघा.

ऑपरेशन नीट झालं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. टाके असताना खोकला येईल याची सगळ्यात जास्त धास्ती होती. आठवडाभरात दोन-तीनदाच आला, उशी पोटाशी धरून निभावला.

क्लेमचं सांगायचं तर भरतीआधीच्या 30 दिवसांचीच बिलं माझ्या पॉलिसीत बसतात. त्यामुळे 13 ऑक्टोबरची सीबीसी आणि फिटनेसची फी मिळाली. जून-जुलैचे सल्ले आणि तपासण्या मिळून झालेले 15,500 स्वतःचेच गेले. काही पॉलिसींत ही मुदत 60 दिवस असते, तुमची बघून ठेवा. भरतीनंतरची बिलं 20 डिसेंबरला पाठवली, डिस्चार्ज कार्डाची प्रत पुन्हा जोडावी लागली.

पुढची सीबीसी एप्रिलमध्ये आहे. 2019 पासूनच्या सगळ्या एका फाइलमध्ये तारखेने लावल्यात, आणि फाइल बायकोने तिच्या कपाटात ठेवली आहे.